थुंकी गिळता येत नव्हती, आणि घसा मात्र लालही दिसत नव्हता

धुऱ्यावरचा मास्तर (धागाकर्ता)
२८ डिसेंबर, रात्री ९.१०

माझे मोठे भाऊ नऊ दिवस दवाखान्यात राहून गेल्या मंगळवारी घरी परत आले. त्यांना झालेल्या आजाराचे, एपिग्लॉटायटिसचे (श्वासमार्गावरील झाकणाच्या सुजेचे), नाव मी त्याआधी ऐकलेले नव्हते, आणि गावात ज्यांना ज्यांना सांगितले त्यांच्यापैकीही कोणी ऐकलेले नव्हते, म्हणून हा धागा काढत आहे. येथे काही डॉक्टर मंडळी लिहितात हे मला ठाऊक आहे. माझे काही प्रश्न शेवटी आहेत, पण आधी घडले ते क्रमाने सांगतो.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यात आहे. दादा ५३ वर्षांचे, कास्तकार, सहा वर्षांपासून साखरेचा आजार, आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचे चघळायचे मिश्रण) त्याहून कितीतरी जुना. कापसाच्या दुसऱ्या वेचणीला मजूर मिळत नसल्याने ते स्वतः दिवसभर वावरात होते. संध्याकाळी घसा दुखू लागला आणि रात्री अंगात कणकण आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातील डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला, लाली नाही, पू नाही असे सांगितले, एक सुई लावली आणि तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्यांची चूक झाली असे मी म्हणत नाही, कारण तोंडातून जेवढे दिसते तेवढे खरोखरच ठीक होते, हे पुढे मोठ्या दवाखान्यातही सांगण्यात आले.

संध्याकाळपर्यंत त्यांना गोळीही गिळता येईना. बोलणे असे झाले की शब्द कळत होते, पण तोंडात काहीतरी भरून बोलल्यासारखे ऐकू येत होते. वहिनी चिडून म्हणाल्या, "आंधी तो खर्रा थुका, मंग बोला." दादांनी मान हलवली आणि तोंड जेवढे उघडते तेवढे उघडून दाखवले. तोंड रिकामे होते. तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, कारण आम्ही तिघेही तेथेच उभे होतो आणि तिघांनाही त्याचा अर्थ कळला नाही.

रात्री ते बाजेच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, हनुवटी पुढे काढून बसून राहिले. खाली ठेवलेल्या गडव्यात दर अर्ध्या मिनिटाला चिकट लाळ सोडत होते. "मले थुकाई गियता येत नाई," एवढेच ते म्हणाले. वहिनींनी उशी देऊन आडवे केले, तर गळा दाबल्यासारखे तडक उठून बसले. अडीचच्या सुमारास श्वास आत घेताना, दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा आवाज येऊ लागला आणि आम्ही शेजाऱ्यांची गाडी काढली.

पहिल्या दवाखान्यात बोटाला यंत्र लावले. ऑक्सिजन ९६ भरला. तेवढ्यावरून "सकाळी घशाच्या डॉक्टरांना दाखवा" असे सांगून आम्हाला बाकावर बसवण्यात आले. त्या दवाखान्याचे नाव मी लिहिणार नाही. तेथील एका परिचारिकेने दादांच्या हातातील गडवा पाहिला, त्यांची बसण्याची तऱ्हा पाहिली, आणि डॉक्टरांना दुसऱ्यांदा उठवून आणले. मग ऑक्सिजन, शिरेतून दोन इंजेक्शने आणि १०८ ची गाडी, हे सर्व पंधरा मिनिटांत झाले. दादांना बसवूनच नेण्यात आले.

मोठ्या दवाखान्यात नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिले आणि पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. जिभेच्या मुळामागे जे पातळ पानासारखे झाकण असायला हवे, तेथे पिकलेल्या बोरासारखा लाल, तुकतुकीत गोळा होता, आणि त्याच्या मागे एक काळी फट. श्वास त्या फटीतून चालला होता. नळी घालावी लागेल, नाही जमले तर गळ्याला छेद द्यावा लागेल, सही करा, असे सांगितले. आमचे मामा म्हणाले, गळ्याला भोक पाडलेला माणूस पुन्हा बोलत नाही, सही करू नको. त्या वादात वीस मिनिटे गेली. शेवटी मी सही केली. छेद द्यावा लागला नाही. जागेपणीच नाकातून नळी गेली, तीन दिवस राहिली आणि चौथ्या दिवशी निघाली.

प्रश्न असे आहेत. घसा बाहेरून चांगला दिसत असताना हा आजार ओळखायचा कसा? ऑक्सिजन ९६ असताना धोका कसा काय होता? आणि हे पुन्हा होते का?

मोर्शीकर
२८ डिसेंबर, रात्री ९.४५

मास्तर, दादा घरी आले हे वाचून जीव भांड्यात पडला. आमच्याकडे घसा धरला की हळद-मिठाच्या गुळण्या आणि अडुळशाचा काढा एवढ्यावर निम्मे गाव बरे होते, म्हणून या प्रकाराची कल्पनाच नव्हती. सुरुवातीलाच काढा दिला असता तर सूज वाढली नसती का, असे मात्र वाटून गेले.

घशाचा डॉक्टर
२८ डिसेंबर, रात्री ११.२०

मी विदर्भात कान-नाक-घसा विभागात अठरा वर्षे काम करत आहे. मास्तरांनी वर्णन इतके नेमके केले आहे की निदान त्यातच आहे.

जिभेच्या मुळामागे एपिग्लॉटिस नावाचे पानाच्या आकाराचे कूर्चेचे झाकण असते. घास गिळताना ते श्वासमार्गाच्या तोंडावर झुकते. याच्या वरच्या बाजूचे आणि दोन्ही कडांच्या घड्यांचे आवरण सैल असते, त्यामुळे तेथे जंतुसंसर्ग झाला की काही तासांत पाणी भरून मोठी सूज येते. तोंड उघडून बॅटरीने जो घसा दिसतो तो या जागेच्या वर संपतो. म्हणूनच टॉन्सिल स्वच्छ, पडजीभ जागच्या जागी, आणि रुग्ण मात्र वेदनेने थुंकी बाहेर टाकत आहे, असे विसंगत चित्र दिसते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगतो की दुखणे मोठे आणि दिसणे लहान असेल तर दिसण्यावर विश्वास ठेवू नका.

पूर्वी हा लहान मुलांचा आजार मानला जाई आणि त्याचे मुख्य कारण हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी हा जंतू होता. (नावात इन्फ्लुएंझा असले तरी फ्लूशी त्याचा संबंध नाही. १८९०च्या दशकात तोच फ्लूचे कारण आहे असा गैरसमज झाला आणि नाव चिकटले ते चिकटलेच.) त्याची लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीत येते, आणि आपल्या देशात ती २०११ च्या अखेरीस केरळ व तामिळनाडूपासून सरकारी लसीकरणात सुरू होऊन पुढे सर्व राज्यांत पोहोचली. जेथे ही लस रुळली तेथे मुलांमधील रुग्ण झपाट्याने कमी झाले, आणि आता प्रौढच अधिक दिसतात. प्रौढांत तोच जंतू असू शकतो, पण न्यूमोनियाचा न्यूमोकोकस, घशाचा स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस हेही असतात. पुष्कळदा कोणताच जंतू तपासणीत हाती लागत नाही. मधुमेह असलेल्यांत आजार तीव्र होण्याची आणि त्या झाकणातच गळू होण्याची शक्यता जास्त असते.

आवाजाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण घरच्यांना ती सर्वांत आधी कळू शकते. साध्या सर्दी-खोकल्यात आवाज बसतो, घोगरा होतो. येथे तो घोगरा होत नाही, तो कोंडतो. तोंडात तोबरा भरून बोलावे तसा येतो. वहिनींना जे वाटले ते वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर होते. दुर्दैव एवढेच की आपल्या भागात असा आवाज आणि असे सतत थुंकणे यांत कोणाला काही वेगळे वाटत नाही. खर्रा खाणारा माणूस एरवीही तसाच बोलतो आणि तसाच थुंकतो.

मोर्शीकरांच्या प्रश्नाचे उत्तर: साध्या घसादुखीला गुळण्या जरूर कराव्यात, मीही करतो. पण ज्याला स्वतःची लाळ गिळता येत नाही त्याला काढा, दूध, मध, गोळी, काहीही तोंडाने देऊ नये. ते पोटात न जाता श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

जुनी पाने
२९ डिसेंबर, सकाळी ७.०५

डॉक्टरसाहेबांच्या शेवटच्या वाक्याला इतिहासात एक मोठा दाखला आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हे १४ डिसेंबर १७९९ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, घसा दुखू लागल्यापासून दोन दिवसांच्या आत गेले. आधीच्या दिवसांत ते बर्फात व पावसात घोड्यावरून शेताची पाहणी करून आले होते. मध्यरात्रीनंतर श्वास आणि बोलणे कठीण झाले. घरच्यांनी काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचे मिश्रण पाजण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ते गिळता न येऊन त्यांचा जीव जवळजवळ गुदमरला होता. त्यानंतर त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे दोन लिटरांहून अधिक रक्त काढण्यात आले. जमलेल्या तीन डॉक्टरांपैकी वयाने सर्वांत लहान असलेल्या एलिशा डिक यांनी श्वासनलिकेला छेद देऊ या असे सुचवले होते, पण इतर दोघांनी ते मानले नाही. आज अनेक वैद्यक-अभ्यासक तो आजार एपिग्लॉटिसचीच सूज होता असे मानतात, अर्थात तो काही शवविच्छेदनाने सिद्ध झालेला नाही.

मास्तरांच्या मामांचे वाक्य वाचले आणि मला हेच आठवले.

भूलवाला
२९ डिसेंबर, दुपारी २.३०

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑक्सिजनच्या आकड्याविषयी मास्तरांनी विचारले आहे, आणि करोनानंतर घरोघरी ते बोटाचे यंत्र आल्यामुळे हा प्रश्न फारच मोलाचा झाला आहे.

ते यंत्र रक्तात ऑक्सिजन किती आहे एवढेच सांगते. तो तेथवर पोहोचवायला माणसाला किती कष्ट पडत आहेत हे ते सांगत नाही. फुप्फुसे चांगली असतील तर अरुंद फटीतूनही, छातीचा भाता जोरात ओढून, माणूस आकडा टिकवून धरतो. विहिरीवरच्या मोटरची कल्पना करा. पाइप अर्ध्या व्यासाचा केला तर तेवढेच पाणी ढकलायला दुप्पट जोर पुरत नाही. संथ प्रवाहाच्या नियमाने हिशेब केला तर सोळापट लागतो. मोटर तापत राहते, पण चरीत पाणी पडत असल्याने मालकाला वाटते की सर्व ठीक आहे. मग मोटर जळते. या आजारात आकडा घसरू लागतो तेव्हा हाताशी राहिलेला वेळ मिनिटांत मोजायचा असतो. म्हणून ९६ वर समाधान मानण्याऐवजी माणूस कसा बसला आहे, गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढली जाते का, आणि श्वास घेताना आवाज येतो का, हे पाहायला हवे. तो आवाज उशिरा येणारे लक्षण आहे, हेही लक्षात असू द्या. वाट त्याची पाहायची नाही.

आडवे करण्याबद्दल. पुढे झुकून, हनुवटी पुढे काढून बसणे ही रुग्णाच्या शरीराने स्वतः शोधलेली सोय असते. उताणे केले की सुजलेले झाकण आणि जीभ मागे पडतात आणि उरलेली फट बुजते. गाडीत, स्ट्रेचरवर, एक्स-रेच्या टेबलावर, कोठेही त्याला आडवे होण्याची सक्ती करू नये. मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे उपयोगी पडतो, त्यात झाकणाची सावली अंगठ्यासारखी जाड दिसते, पण श्वास जड असलेल्या रुग्णाला त्या अंधाऱ्या खोलीत एकटे सोडणे हा गुन्हा आहे. दुर्बीण हाताशी असेल तर एक्स-रेसाठी थांबायचेही कारण नाही.

आता जे लिहायला मी मुख्यतः आलो ते. वर्षानुवर्षे सुपारी-तंबाखू चघळणाऱ्यांच्या गालाच्या आतले आवरण ताठ, पांढुरके होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, त्याचे मूळ सुपारीत आहे, आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो हे बहुतेकांना माहीत असते. पण अडीच वाजता श्वास कोंडलेला माणूस समोर आला की मला त्याच्या तोंडातून नळी घालायची असते, आणि तोंड दीड बोटही उघडत नसेल तर माझा नेहमीचा रस्ता बंद झालेला असतो. झोपेचे औषध देऊन स्नायू सैल करावेत, तर ताठलेले गाल औषधाने सैल होत नाहीत आणि रुग्णाचा स्वतःचा श्वास मात्र थांबतो. मग जागेपणी, नाकातून, दुर्बिणीवर नळी चढवून न्यावी लागते. त्या वेळी एक शल्यचिकित्सक हातमोजे घालून, कंठमण्याखाली पेनाने खूण करून, बाजूला उभा असतो. मास्तरांच्या दादांच्या बाबतीत हेच केलेले दिसते. ज्यांनी केले त्यांना माझा नमस्कार, कारण हे काम लिहायला सोपे आणि करायला अवघड आहे.

एक साधी चाचणी प्रत्येकाने करावी. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकमेकांना चिकटवून, उभी धरून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तीन बोटे सहज गेली पाहिजेत.

आर्वीची लेक
२९ डिसेंबर, सायंकाळी ६.१५

हा धागा मी तीनदा वाचून काढला आणि मग लिहायला बसले. माझे बाबा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा आजार हाच नव्हता, पण शेवट श्वासमार्गाच्या सुजेनेच झाला.

खालच्या बाजूची मागची दाढ किडली होती. दुखली की ते तिथे लवंग किंवा तंबाखूची चिमूट दाबत आणि वेदनाशामक गोळी घेत. दाढ काढायची ती तूर सोंगून झाली की काढू, असे ठरले होते. एका सकाळी हनुवटीखाली सूज दिसली. दुपारपर्यंत ती दोन्ही बाजूंना पसरली आणि हात लावला तर लाकडासारखी कडक लागत होती. जीभ वर उचलली गेली होती, तोंड मिटत नव्हते, लाळ गळत होती. सुजेवर लेप लावला गेला. रात्री निघालो आणि वाटेतच श्वास थांबला. डॉक्टरांनी नंतर लुडविग अँजायना असे नाव सांगितले.

मला डॉक्टरसाहेबांना विचारायचे आहे, मधुमेह आणि दाढ यांचा संबंध असतो का? बाबांना साखर होती.

घशाचा डॉक्टर
२९ डिसेंबर, रात्री १०.५०

ताई, आपल्या बाबांविषयी वाचून फार वाईट वाटले. संबंध असतो. साखर ताब्यात नसेल तर संसर्गाशी लढण्याची शक्ती कमी पडते आणि तो वेगाने पसरतो. खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्याच्या आतल्या बाजूने इतकी खोल असतात की त्यांचा पू हिरडीला न फुटता थेट जिभेखालच्या व हनुवटीखालच्या जागेत उतरतो. जर्मनीतील डॉ. लुडविग यांनी १८३६ मध्ये याचे वर्णन केले. तेव्हा प्रतिजैविके नव्हती आणि बहुतेक रुग्ण दगावत. आज वेळेवर आले तर बहुतेक वाचतात. पण दाढदुखीला कोणी तातडीचा आजार मानत नाही, तेथेच वेळ जातो. लेप लावण्याने बाबांचे काही बिघडले असे मनात धरू नका. नुकसान झाले ते उशिराने, आणि तो उशीर आपल्याकडे कोणाच्याही घरी झाला असता.

याच कुटुंबातील आणखी दोन-तीन आजारांचा उल्लेख करून ठेवतो. टॉन्सिलच्या मागे गळू झाले तर एकाच बाजूला जास्त दुखते, जबडा अडकतो आणि पडजीभ विरुद्ध बाजूला ढकलली जाते. तेथे पू काढला की रुग्णाला लगेच आराम पडतो. घटसर्प संपला आहे असे समजू नका. करड्या रंगाचा चिकट पापुद्रा आणि सुजलेली मान दिसली तर प्रौढांतही त्याचा विचार करावा लागतो. आणि ताप नाही, दुखणे नाही, पण ओठ-जीभ एकाएकी सुजली, तर रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी पाहावी. एनलाप्रिल, रॅमिप्रिल या गटाच्या गोळ्यांनी काही लोकांना, कित्येक वर्षे गोळी सोसल्यानंतरही, अशी सूज येऊ शकते. तिला प्रतिजैविकाचा उपयोग नसतो.

मास्तरांचा तिसरा प्रश्न राहिला होता. प्रौढांत हे पुन्हा होणे विरळा, पण साखर ताब्यात ठेवणे हा त्यातला आपल्या हातात असलेला भाग आहे.

चंद्रपूरची सिस्टर
३० डिसेंबर, पहाटे ५.४०

रात्रपाळी संपवून लिहीत आहे. गडवा पाहून डॉक्टरांना उठवणाऱ्या त्या भगिनीचे मला कौतुक वाटते, कारण झोपेतून दुसऱ्यांदा उठवण्याची किंमत काय असते ते आम्हालाच ठाऊक.

आमच्याकडे एक घोटाळा हमखास होतो तो सांगते. फवारणीच्या हंगामात लाळ गळत असलेला माणूस आला की सर्वांना आधी कीटकनाशकाची विषबाधा आठवते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी व मजूर दगावले तेव्हापासून तर ते स्वाभाविकच आहे. पण विषबाधेत लाळेबरोबर घाम, उलट्या, पोटात मुरडा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, असे असते. घशाच्या सुजेत बाहुल्या नेहमीसारख्या असतात, ताप असतो, आणि माणूस घशाकडे बोट दाखवून गिळता येत नाही अशी खूण करतो. लाळ दोन्हीकडे गळते, पण विषबाधेत ती जास्त तयार होते आणि येथे ती गिळली जात नाही म्हणून बाहेर येते. हा फरक मला एका जुन्या डॉक्टरांनी समजावला होता.

दुसरे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराबद्दल. चंद्रपूर, गडचिरोली आणि सगळ्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात पाणथरी (प्लीहा) लहानपणीच निकामी होते आणि न्यूमोकोकस, हिमोफिलस यांसारख्या जंतूंशी लढणारा शरीराचा पहारेकरीच उरत नाही. सुदृढ प्रौढांना हिमोफिलसच्या लशीची सहसा गरज नसते, पण सिकलसेलचे रुग्ण आणि ज्यांची पाणथरी काढलेली आहे अशांनी हिमोफिलस आणि न्यूमोकोकस या दोन्ही जंतूंच्या लशींविषयी आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारावे. सिकलसेलच्या तपासणीनंतर मिळालेले लाल-पिवळे कार्ड कपाटात ठेवून भागत नाही.

१०८ बद्दल एवढेच की फोनवर "घसा दुखतो" असे सांगू नका. "श्वास घेता येत नाही, थुंकी गिळता येत नाही, बसूनच आहे" असे सांगा. आपल्या राज्यात २०१४ पासून या गाडीत डॉक्टर असतो, त्याला ऐकताक्षणी कळले पाहिजे की काय तयारीने निघायचे आहे.

औषधांचा गल्ला
३० डिसेंबर, सकाळी ११.००

माझे तालुक्याच्या ठिकाणी मेडिकल आहे. खरे लिहितो. घसादुखीला रोज दहा माणसे येतात आणि चिठ्ठी नसताना "चांगली गोळी द्या" म्हणतात. मीही देत आलो आहे, ते योग्य नाही हे माहीत असूनही. आता निदान गिऱ्हाइकाला समोर एक घोट पाणी प्यायला सांगेन. ज्याला तो घोट जाणार नाही त्याला गोळी विकण्यात तसाही अर्थ नाही. डॉक्टरसाहेब, हे चालेल का? शिवाय एक विचारतो, घरातील लहान मुलांना या आजाराची लागण होते का?

घशाचा डॉक्टर
३० डिसेंबर, दुपारी १.१५

पाणी पाजून पाहू नका. वर लिहिले आहे तोच धोका आहे. नुसते विचारा, "स्वतःची थुंकी गिळता येते का?" नाही म्हटले किंवा मानेने खुणावले तर गोळी न देता गाडी बोलवा. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक द्यायचे नाही हे तर आहेच. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी ताप थोडा उतरतो आणि घरच्यांना उगाच धीर येतो.

लागणीबद्दल: सूज पसरत नाही, जंतू पसरू शकतो. हिमोफिलस बी सापडला आणि घरात लस अपुरी राहिलेले चार वर्षांखालील मूल असेल, तर सर्व घराला काही दिवस रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक देण्याची पद्धत आहे. एरवी काही करावे लागत नाही.

आणि मामांसाठी एक निरोप. गळ्याला छेद देऊन बसवलेली नळी सूज उतरल्यावर काढतात, भोक बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप बुजते आणि आवाज परत येतो, कारण छेद स्वरयंत्राच्या खाली असतो. प्रौढांपैकी बहुतेकांना नळी किंवा छेद यांपैकी काहीच लागत नाही. शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोनसारखे प्रतिजैविक, ऑक्सिजन आणि डोळ्यांत तेल घालून पहारा एवढ्यावर ते बरे होतात. स्टिरॉइडही सर्रास देतात, सूज उतरावी म्हणून, जरी त्याचा नेमका लाभ किती यावर अजून एकमत नाही. पण तो पहारा जेथे नळी घालणारा हात चोवीस तास आहे तेथेच द्यायचा असतो. सेवाग्राम व सावंगीची रुग्णालये, नागपूरचे मेडिकल कॉलेज, यवतमाळचे शासकीय महाविद्यालय, यांपैकी जवळ असेल तेथे थेट जावे. मध्ये दोन ठिकाणी थांबून चिठ्ठ्या घेण्यात रात्र सरते.

धुऱ्यावरचा मास्तर (धागाकर्ता)
३१ डिसेंबर, रात्री ८.२५

सर्वांचे आभार. डॉक्टरसाहेबांचा निरोप मामांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण जाताना दादांच्या गळ्याकडे बघून गेले.

स्टिरॉइडचा उल्लेख आला म्हणून सांगतो, त्या इंजेक्शनांनी दादांची साखर चारशेच्या वर गेली होती आणि दवाखान्यात पाच दिवस इन्सुलिन द्यावे लागले. घरी आल्यावर पहिले दोन दिवस ते फक्त ताक आणि ज्वारीच्या पातळ कण्या घेत होते. काल पहिल्यांदा भाकरी कुस्करून खाल्ली. प्रत्येक घासाला थांबत होते, आणि वहिनी समोर बसून त्यांच्या गळ्याची हालचाल बघत होत्या.

भूलवाल्या डॉक्टरांची तीन बोटांची चाचणी आज सकाळी ओसरीत केली. दादांच्या तोंडात दीड बोट गेले, दुसरे अडकले. गालाच्या आत पांढऱ्या दोऱ्या असाव्यात तसे हाताला लागते, असे ते स्वतःच म्हणाले. हे त्यांना कित्येक वर्षांपासून माहीत होते, तिखट लागते म्हणून ते भाजीत दही कालवून खातात, हे आम्हालाही माहीत होते, पण कोणी कोणाला विचारले नव्हते. सात तारखेला सावंगीला मुखरोग विभागात दाखवायला नेत आहे.

त्यानंतर मी आत जाऊन आरशासमोर स्वतःची बोटे लावून पाहिली. शाळेत मुलांसमोर मी खर्रा कधीच खात नाही, पण सुटीत पारावर बसलो की पुडी निघते, आणि असे सोळा वर्षांपासून चालू आहे. माझी अडीच गेली. सात तारखेला दोन चिठ्ठ्या काढायच्या आहेत.